अपघात-भरपाईची तडजोड: एका मोटार विमा कंपनीच्या थर्ड पार्टी विभागाचा दोन वर्षांचा अनुभव

ऑगस्ट 2023 मध्ये सांगली–मिरज रस्त्यावर माझ्या धाकट्या भावाच्या दुचाकीला मागून आलेल्या मोटारीने धडक दिली. त्याचे वय तेव्हा 34 होते. उजव्या पायाची दोन्ही हाडे घोट्याच्या वर मोडली, मिरजेच्या एका रुग्णालयात प्लेट आणि स्क्रू बसवले गेले आणि पुढचे सात महिने तो घरी होता. धडक देणाऱ्या मोटारीचा विमा ज्या कंपनीकडे होता, त्या कंपनीच्या थर्ड पार्टी विभागाशी आम्ही जून 2024 ते सप्टेंबर 2025 या काळात भरपाईची तडजोड केली. या विभागाची सेवा कशी आहे, तिथे काय चालते आणि काय चालत नाही, हे त्याच वाटेने जाणाऱ्या कुटुंबांना आधी कळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण ओळखीच्या दोन कुटुंबांना दोन वेगळ्या कंपन्यांकडून जवळजवळ हाच अनुभव आलेला मी पाहिला आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यावी लागते ती ही, की या व्यवहारात आपण कंपनीचे ग्राहक नसतो. हप्ता मोटारीच्या मालकाने भरलेला असतो. जखमी माणूस कायद्याच्या भाषेत त्रयस्थ, म्हणजेच थर्ड पार्टी, असतो. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी किंवा मेडिक्लेमसाठी जी तत्परता आपण पाहिलेली असते, फोनवर येणारे संदेश, दाव्याची स्थिती दाखवणारे ॲप, तक्रारीला ठरलेल्या मुदतीत मिळणारे उत्तर, त्यातले काहीही इथे वाट्याला येत नाही. विमा लोकपालाचे दारही पॉलिसीधारक, त्याचे वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती यांच्यासाठी आहे. रस्त्यावर धडक बसलेल्या त्रयस्थाला तिथे जागा नाही. त्याची जागा एकच, ती म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आणि आमच्यासाठी ते सांगलीच्या जिल्हा न्यायालयात होते. कंपनीशी होणारी प्रत्येक बोलणी या न्यायाधिकरणासमोरच्या दाव्याच्या छायेत होतात. दावा दाखल नसेल, तर बोलणी करायला कंपनीकडे काही कारणच उरत नाही, हे मी पहिल्या तीन महिन्यांत शिकलो, कारण त्या काळात आम्ही पाठवलेल्या दोन नोंदणीकृत पत्रांना उत्तर आले नाही.

वास्तविक कायदा याहून बराच पुढे गेलेला आहे. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये 2019 साली झालेल्या आणि या बाबतीत 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, अपघाताची माहिती मिळताच विमा कंपनीने तडजोडीसाठी एक अधिकारी नेमायचा असतो, आणि त्या अधिकाऱ्याने 30 दिवसांच्या आत न्यायाधिकरणासमोर तपशीलवार प्रस्ताव ठेवावा अशी कलम 149 मध्ये व्यवस्था आहे. पोलिसांनीही 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. आमच्या प्रकरणात यातले काहीही वेळेवर झाले नाही. नेमलेला अधिकारी कोण, हे कळायलाच मे 2024 उजाडला, तेही आमच्या वकिलांनी न्यायाधिकरणात अर्ज दिल्यानंतर. त्याच दुरुस्तीने दावा दाखल करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली आहे, हे मात्र आम्हाला वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, म्हणून प्लास्टर निघण्याची वाट न पाहता नोव्हेंबर 2023 मध्येच आम्ही दावा दाखल केला. बरे झाल्यावर बघू, असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी या एका वाक्यापाशी थांबावे आणि आजच वकिलांकडे जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे प्रस्तावाकडे.

कंपनीचा पहिला प्रस्ताव जून 2024 मध्ये कोल्हापूरच्या कार्यालयात आमच्यासमोर ठेवला गेला. अधिकारी वागायला सौजन्यपूर्ण होते, त्यांनी भावाला आधी बसायला सांगितले, काठी ठेवायला जागा करून दिली. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने पाच ओळी लिहिल्या आणि कागद आमच्याकडे फिरवला. तो कागद मी मागून घेतला आणि आजही जपून ठेवला आहे. मासिक उत्पन्न 10,000, गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरणारा आकडा) 16, अपंगत्व 8 टक्के, म्हणून 1,53,600. रुग्णालयाची बिले 2,31,000, त्यातून मेडिक्लेमने दिलेले 1,00,000 वजा, उरले 1,31,000. वेदना व इतर 30,000. बेरीज 3,14,600. भावाच्या वाहन परवान्याची मुदत अपघाताच्या दोन महिने आधी संपलेली होती, म्हणून त्याचीही चूक धरून 20 टक्के वजा. शेवटचा आकडा 2,51,680.

हा आकडा ऐकून माझा भाऊ गप्प बसला. मी एका संस्थेत लेखापाल म्हणून काम करतो, त्यामुळे बेरीज-गुणाकार बरोबर आहेत एवढे मला लगेच दिसले, आणि तेच त्या कागदाचे मोठे बळ होते. व्यवस्थित मांडलेला हिशेब पाहिला की सामान्य माणसाला तो खराच वाटतो. पण त्या हिशेबातला प्रत्येक आकडा हा कंपनीने निवडलेला होता. शिवाय वकिलांनी बाहेर आल्यावर जे दाखवले, ते मला आजही विसरता येत नाही: कायद्याच्या कलम 164 प्रमाणे, कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. म्हणजे फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र, शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणि कायमच्या अपंगत्वाचा दाखला हे सगळे पुढे ठेवूनही कंपनी आम्हाला त्या किमान रकमेपेक्षा फक्त 1,680 रुपये जास्त देत होती.

त्या पाच ओळींपैकी एकच ओळ वादापलीकडची होती, ती गुणकाची. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात 2009 साली वयानुसार गुणकाचा तक्ता घालून दिला आहे. 31 ते 35 या वयाला 16, 36 ते 40 ला 15, आणि वय वाढेल तसा तो उतरत 65 च्या पुढे 5 वर येतो. त्यावर घासाघीस करता येत नाही. बाकीच्या चारही ओळी मात्र बोलण्याच्या होत्या, आणि पुढचे पंधरा महिने आम्ही त्या चार ओळींवरच बोललो.

सगळ्यात लवकर सुटला तो परवान्याचा प्रश्न. परवाना नसणे किंवा त्याची मुदत संपलेली असणे हा वेगळा गुन्हा असेल, पण तेवढ्यावरून अपघातात त्या माणसाचा हातभार होता असे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केलेले आहे. मागून धडक बसलेली होती, घटनास्थळाच्या पंचनाम्यात दुचाकी रस्त्याच्या डाव्या कडेला पडलेली नोंदवली होती. वकिलांनी निवाड्याची प्रत पुढे केल्यावर अधिकाऱ्यांनी ती वजावट काढून टाकली, आणि काढताना ज्या सहजतेने काढली, त्यावरून ती टिकणार नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक असावे असे माझे मत झाले. ही या सेवेतली मला सर्वांत खटकलेली गोष्ट आहे. वकील सोबत नसलेल्या माणसाच्या पदरी ती 20 टक्के वजावट तशीच राहिली असती.

मेडिक्लेमच्या एक लाखाचा वाद मात्र अडून बसला होता. कंपनीचे म्हणणे असे, की जो खर्च दुसऱ्या विम्याने भरून दिला तो पुन्हा कसा मागता? भावाचे म्हणणे साधे होते: तो हप्ता मी माझ्या खिशातून भरला, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का? यावर उच्च न्यायालयात वेगवेगळे निवाडे होते. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा प्रश्न निकाली काढला आणि मेडिक्लेमची रक्कम अपघात-भरपाईतून वजा करता येणार नाही असे सांगितले. त्यानंतर एप्रिलमधल्या बैठकीत कंपनीने ती ओळ खोडली. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या ज्या कुणाचे प्रकरण आज चालू आहे, त्यांनी आपल्या प्रस्तावात ही वजावट आहे का हे आवर्जून तपासावे, कारण जुन्या तक्त्यांवरून आकडे काढण्याची सवय कार्यालयांतून एकदम जात नाही.

उत्पन्नाचा मुद्दा माझ्या भावासारख्या स्वतःचे काम करणाऱ्या माणसाला जास्त त्रास देतो. तो वायरमन आहे, शासनाचा परवाना आहे, पण प्राप्तिकराचे विवरणपत्र नाही. पगाराची चिठ्ठी नसली की कंपनी अंदाजे उत्पन्न धरते आणि तो अंदाज अर्थातच खालचा असतो. आम्ही अपघातापूर्वीच्या बारा महिन्यांचा बँकेचा उतारा दिला, त्यात मोबाइलवरून जमा झालेल्या रकमा होत्या. विजेचे साहित्य विकणाऱ्या दुकानदाराचे खातेवहीतले उतारे दिले. महिना 18,000 ही आमची मागणी होती. कंपनी 10,000 वरून 12,000 वर आणि शेवटी 15,000 वर आली. या जोडीने आणखी एक गोष्ट पहिल्या कागदावर नव्हतीच, ती म्हणजे भविष्यातली उत्पन्नवाढ. प्रणय सेठी प्रकरणात ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले आहे, की स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात 40 टक्के वाढ धरायची. चाळीस ते पन्नास या वयात 25 टक्के आणि पन्नास ते साठ या वयात 10 टक्के. तो निवाडा मृत्यूच्या प्रकरणातला असला, तरी कायमच्या अपंगत्वातही ही वाढ दिली जाते. पहिल्या प्रस्तावात ती का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “ते कोर्टात गेल्यावर, तडजोडीत नाही.” हे उत्तर मला पटले नाही. तडजोडीत दोन्ही बाजू थोडे सोडतात हे खरे, पण सोडण्याआधी काय सोडतो आहोत हे माणसाला दिसायला हवे.

आता अपंगत्वाचे टक्के. माझ्या मते सगळ्या तडजोडीचा जीव या एका आकड्यात असतो, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

दाखल्यात लिहिले होते, उजव्या पायाचे 22 टक्के कायमचे अपंगत्व. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की हे एका पायाचे 22 टक्के झाले, सगळ्या शरीराचे धरले तर 7–8 टक्के. वैद्यकीय दृष्टीने तसे रूपांतर करण्याची पद्धत आहे आणि तेवढ्यापुरते ते चूक नव्हते. पण भरपाई शरीराच्या टक्क्यांची द्यायची नसते, कमाईची ताकद किती गेली याची द्यायची असते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार समजेल असे सांगितले आहे: डावा हात गेलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ सगळी कमाई गमावतो, तर तेवढ्याच अपंगत्वाचा सरकारी कारकून नोकरीत टिकून राहू शकतो. दाखल्यावरचा टक्का दोघांचा सारखाच, नुकसान मात्र सारखे नाही.

हे तत्त्व आमच्या बाजूचे होते, पण तत्त्व सांगून अधिकाऱ्यांना वरून मंजुरी मिळत नाही. त्यांना फाइलला लावायला कागद लागतो. तो कागद भावाच्या पिशवीतच होता. कामाला लागल्यापासून तो एक वही ठेवतो. रोजची तारीख, गिऱ्हाइकाचे घर, काम काय आणि पैसे किती, एवढेच त्यात असते. “दादा, ही दाखवू का?” असे त्याने मला एप्रिलच्या बैठकीनंतर जिना उतरताना विचारले, आणि तोवर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात ती वही आलेली नव्हती. घरी बसून आम्ही दोघांनी अपघाताआधीच्या वर्षाची पाने काढली आणि ज्या कामाला शिडी लागली त्यासमोर पेन्सिलीने खूण केली. छताचा पंखा बसवणे, खूण. पाण्याच्या टाकीवरचा फ्लोट स्विच, खूण. मिक्सरची दुरुस्ती, खूण नाही. मीटरपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत वायर ओढणे, खूण. 212 कामांपैकी 149 कामांना शिडी किंवा गच्चीचा कठडा लागलेला निघाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एका परिच्छेदात लिहून दिले, की घोटा वर वाकण्याची हालचाल निम्म्याहून कमी राहिल्याने शिडीच्या दांड्यावर पाय तोलून उभे राहणे या रुग्णाला सुरक्षित नाही.

ऑगस्ट 2025 च्या लोक अदालतपूर्व बैठकीत अधिकाऱ्यांनी ती वही हातात घेतली. तेलकट अंगठ्यांचे ठसे उमटलेली पाने त्यांनी एकेक करून उलटली, मधूनच “हे बॉक्स बसवणे म्हणजे काय?” असे भावाला विचारले, त्यानेही समजावून सांगितले. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. त्या पंधरा-वीस मिनिटांत या विभागाकडून पहिल्यांदा माझ्या भावाच्या पायाबद्दल खरी चौकशी झाली, आणि हे मी त्या अधिकाऱ्यांच्या श्रेयासाठी मुद्दाम लिहितो. त्यांनी वहीच्या सहा पानांच्या प्रती काढून घेतल्या. एप्रिलमध्ये 10 टक्क्यांवर अडलेला आकडा 20 टक्क्यांवर गेला तो या प्रतींमुळे. तसे त्यांनीच वकिलांना सांगितले. आमची मागणी 35 टक्क्यांची होती आणि साक्षीपुरावा झाला असता तर आम्ही तिथवर पोचलो असतो की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

प्रस्ताव वाढत गेले ते असे: जून 2024 मध्ये सुमारे अडीच लाख, एप्रिल 2025 मध्ये 6,45,000, ऑगस्टमध्ये साडेनऊ लाख. प्रत्येक वाढीच्या मागे एक नवा कागद होता. आम्ही रागावलो म्हणून किंवा विनवण्या केल्या म्हणून एक रुपयाही वाढला नाही. बसलेल्या अधिकाऱ्यांना एका मर्यादेपर्यंतच स्वतःच्या सहीने मंजुरी देता येते; त्यापुढचा आकडा क्षेत्रीय कार्यालयाकडे जातो आणि तिथे माणूस दिसत नाही, फक्त फाइल दिसते. हे लक्षात आल्यावर माझा त्यांच्यावरचा राग बराच कमी झाला आणि आम्ही फाइलला काय लावता येईल याचाच विचार करू लागलो. बिलांचे म्हणाल तर 2,31,000 पैकी 7,000 ची औषधे साध्या चिठ्ठीवर होती, ती रक्कम शेवटपर्यंत धरली गेली नाही. पक्की पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्डावरची तारीख एकमेकांशी जुळली की वाद होत नाही.

शेवटची बैठक झाली ती सप्टेंबर 2025 च्या राष्ट्रीय लोक अदालतीत, शनिवारी, जिल्हा न्यायालयात. पॅनेलवर न्यायिक अधिकारी, एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्त्या होत्या. सकाळी साडेदहाला पुकारा झाला, मग कंपनीच्या वकिलांचा फोन वरच्या कार्यालयात दोनदा गेला आणि दुपारी एकच्या सुमारास आकडा ठरला: 13 लाख, व्याजासह, ठोक. मासिक 15,000, त्यावर 40 टक्के वाढ, गुणक 16 आणि 20 टक्के नुकसान यांचे 8,06,400, बिलांचे 2,24,000, सहा महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचे 90,000, प्लेट काढण्याच्या पुढच्या शस्त्रक्रियेसाठी 45,000, वेदना आणि हालचालीवरच्या मर्यादांसाठी एक लाख, सोबतीचा माणूस, आहार, प्रवास यांचे 35,000. वरचे 400 रुपये सोडले. पॅनेलवरील न्यायिक अधिकाऱ्यांनी भावाला स्वतः विचारले, “कुणाच्या दबावाखाली सही करत नाही ना? यावर अपील नाही, हे कळले आहे ना?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 21 प्रमाणे लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील होत नाही, आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते.

‘व्याजासह’, म्हणजे व्याज त्याच आकड्यात धरून, हा शब्द मात्र आम्हाला महाग पडला. न्यायाधिकरणाने निकाल दिला असता तर दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज मिळाले असते; 7 टक्क्यांनी ढोबळ हिशेब केला तरी बावीस महिन्यांचे दीड लाखाहून अधिक होते. ते आम्ही सोडले, आणि समजून-उमजून सोडले. साक्षीपुरावे, डॉक्टरांची उलटतपासणी, निकाल आणि कंपनीने उच्च न्यायालयात नेल्यास पुढचे अपील, यात आणखी किती वर्षे गेली असती ते सांगता येत नव्हते आणि भावाला दुकान टाकण्यासाठी पैसा तेव्हाच हवा होता. ज्यांच्या घरात दुसरी कमाई आहे आणि पुरावा भक्कम आहे, त्यांनी याच जागी थांबून व्याज वेगळे मागून पाहावे असे मी म्हणेन.

तडजोड पुरसिसवर, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून न्यायालयात द्यायच्या कागदावर, सही करण्याआधी आमच्या वकिलांनी एक ओळ घालून घेतली: 45 दिवसांत रक्कम जमा न झाल्यास त्या तारखेपासून 9 टक्के व्याज. कंपनीच्या वकिलांनी थोडी कुरकुर केली, पण ओळ राहिली. रक्कम 43 व्या दिवशी न्यायाधिकरणाच्या खात्यात जमा झाली. याच कंपनीने ओळखीच्या एका कुटुंबाची, अशी ओळ नसलेली रक्कम चार महिन्यांनी भरल्याचे मी पाहिले असल्यामुळे, त्या एका ओळीला मी वकिलांच्या फीइतकीच किंमत देतो. फीबद्दलही सांगायला हवे: मिळणाऱ्या भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक आचारसंहितेला मान्य नाही. आमच्या वकिलांनी सुरुवातीलाच ठरावीक रक्कम सांगितली, तीन हप्त्यांत घेतली. कंपनीच्या कार्यालयाबाहेर किंवा रुग्णालयाच्या आवारात ‘मी करून देतो, मिळेल त्यातले तीस टक्के’ असे म्हणत जी माणसे भेटतात, ती आम्हालाही दोनदा भेटली. त्यांच्या हातात कागद देऊ नका.

या विभागाच्या सेवेला मी पाचपैकी दोन गुण देतो. पत्रांना उत्तर न देणे, नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव न कळवणे आणि टिकणार नाहीत अशा वजावटी पहिल्या प्रस्तावात घालणे, यासाठी तीन गुण गेले. दिलेले दोन गुण ऑगस्टच्या बैठकीतल्या त्या अधिकाऱ्यांचे आहेत. लोक अदालतीच्या पॅनेलला मात्र साडेचार गुण द्यायला मला संकोच वाटत नाही. अर्धा गुण एवढ्यासाठी ठेवला, की दिवसभरात प्रकरणे फार असल्यामुळे तिथे विचार करायला वेळ कमी मिळतो, आणि सहीचा निर्णय घरून करून जावा लागतो.

जानेवारी 2026 मध्ये भावाची प्लेट काढली. तडजोडीत त्यासाठी 45,000 धरले होते, बिल 61,000 चे आले. ऑगस्टमध्ये डॉक्टरांकडून या शस्त्रक्रियेचे लेखी अंदाजपत्रक घ्यायचे आमच्याकडून राहून गेले होते, कंपनीने तोंडी सांगितलेला आकडा धरला होता आणि निवाडा अंतिम असल्यामुळे वरच्या 16,000 साठी आता कुणाकडे जाता येत नाही. भाऊ सध्या मिरजेत गाळा घेऊन विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याचे, म्हणजे त्यांच्यातली तार नव्याने गुंडाळण्याचे, काम करतो. बसून करण्याचे काम आहे. वही अजून ठेवतो.